आउटरन २ आज खेळावा का, आणि कसा

प्रश्न असा आला आहे: जुनी डीव्हीडी मिळवून पीसीवर ‘आउटरन २००६: कोस्ट टू कोस्ट’ चालू केला, म्हणजे आतून ‘आउटरन २’च. गाडी प्रत्येक मोठ्या वळणावर बाहेर जाऊन कठड्याला घासते. हरवायला समोर कुणी नाही. पाच मिनिटांत सगळं संपतं. तरीही २००३ सालच्या या गेमचं नाव निघालं की जुने खेळाडू हळवे होतात. हे नुसतं आठवणींचं प्रेम आहे, की आज पहिल्यांदाच खेळणाऱ्यालाही त्यात काही सापडेल?

सापडेल, नक्की सापडेल. तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे: तुम्ही त्याच्याकडून शर्यतीची अपेक्षा ठेवली आहे. मी पुण्यात बरीच वर्षं गेममधल्या गाड्यांचं हँडलिंग जुळवण्याचं काम करतो. टीममध्ये कुणी नवीन आलं की त्याला आधी आउटरन २ समोर बसवतो, कारण गाडी हातात कशी ‘लागली’ पाहिजे हे समजावून सांगण्यापेक्षा तिथे पटकन कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात १९८६ पासून करायला हवी. मूळ ‘आउटरन’ गेम डिझायनर यू सुझुकी यांनी सेगा या जपानी कंपनीसाठी केला, नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनवरचा. त्यांना आधी अमेरिका आडवी पार करणारा रस्ता दाखवायचा होता, पण तिथे मैलोन्‌मैल देखावा बदलत नाही, म्हणून बेत युरोपवर आला. फ्रँकफर्टला भाड्याची बीएमडब्ल्यू घेतली, तिच्यावर व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि आल्प्स ओलांडून, मोनॅको करत, रोमपर्यंत प्रवास केला. फेरारी टेस्टारोसा त्यांच्या मनात भरली ती मोनॅकोत. जपानला परतल्यावर त्या गाडीचे चारही बाजूंनी, थोड्या थोड्या अंशांच्या अंतराने फोटो काढले आणि इंजिनाचा आवाज टिपून घेतला.

गेममध्ये उतरलं ते हेच: एक सहल. उघड्या टपाची गाडी, शेजारी मैत्रीण, निघण्याआधी रेडिओवर गाणं निवडायचं, मग समुद्रकिनाऱ्यावरून सुटायचं. दोनच गिअर, लो आणि हाय, आणि काटा २९३ किमीपर्यंत जाणार. रस्त्यावर इतर गाड्या आहेत, पण त्या आपल्या कामाने चालल्या आहेत; त्यांना तुमच्याशी देणंघेणं नाही. तुमच्याविरुद्ध आहे फक्त घड्याळ. सुझुकी स्वतः याला रेसिंग गेम म्हणत नाहीत, ड्रायव्हिंग गेम म्हणतात. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. हरवायला कुणी नाही, कारण कुणाला हरवायला तुम्ही निघालेलाच नाही.

ही गोष्ट विसरली की काय होतं, तेही सेगानेच दाखवून दिलं. १९८९ मध्ये ‘टर्बो आउटरन’ आला. गाडी फेरारी एफ-४०, रस्ता न्यू यॉर्क ते लॉस एंजेलिस, वर टर्बोचं बटण, मागे पोलीस, शेजारून डिवचणारा प्रतिस्पर्धी. कागदावर सगळंच वाढलं. फक्त रस्त्याला फुटणारे फाटे गेले आणि प्रवास सरळसोट झाला. मशीन वाईट नव्हतं, पण मूळ गेमचा जीव ज्यात होता तेच काढून घेतलं. सिक्वेल करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. त्यानंतर ‘आउटरनर्स’ आला, घरच्या कन्सोलसाठी आणखी काही आले, पण मूळ गेमचा खरा वारस यायला २००३ उजाडलं.

त्याच्या चार वर्षं आधी, १९९९ मध्ये, सुझुकी आणि त्यांच्या एएम२ विभागाने ‘एफ३५५ चॅलेंज’ केला होता. तीन पडदे, क्लच पेडल, खऱ्याखुऱ्या फेरारीच्या वागण्याच्या जवळ जाणारं मॉडेल; शिकायला वेळ घेणारा, कडक शिस्तीचा गेम. त्यामुळे आउटरन २ करायला बसलेल्या विभागाला खऱ्या गाडीचं गणित येत नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. ते पुरेपूर येत होतं, आणि तरी त्यांनी ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं. माझ्या लेखी आउटरन २ मधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. ग्राफिक्स, लायसन्स, गाड्यांची संख्या या सगळ्या गोष्टी त्यानंतर.

आता वळणाकडे येऊ, कारण तुमची पहिली तक्रार तीच आहे.

खऱ्या गाडीत चाक ज्या दिशेला बघतं आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकतं, त्या दोहोंमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्यावर चालणाऱ्या साध्या टायरची पकड हा कोन साधारण ६ ते १० अंश होईपर्यंत वाढत जाते. त्यापुढे ती घसरणीला लागते. म्हणून डांबरी रस्त्यावर गाडी खूप आडवी करून वळवणारा दिसतो भारी, पण वेळ गमावतो. आउटरन २ मध्ये गाडी ३०-४० अंश आडवी होते आणि वेग जेमतेम उतरतो. इथे गाडीच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत: पकडीची आणि ड्रिफ्टची, म्हणजे आडवं घसरत जाण्याची. पकडीत असताना स्टिअरिंग गाडीची वाट ठरवतं. ड्रिफ्टमध्ये गेलात की तेच स्टिअरिंग मुख्यतः गाडीचा कोन ठरवतं, आणि गाडी रस्त्याच्या बाकाबरोबर वाहत राहते. एकाच स्टिअरिंगचा अर्थ दोन अवस्थांत वेगळा. हे डोक्यात न घेता तुम्ही पकडीच्या अवस्थेतच २५०च्या पुढच्या वेगाने वळण कापायला जाताय. गाडी बाहेर जाणारच.

पाम बीच, म्हणजे पहिलाच टप्पा, लावा. तिथे रस्ता रुंद आहे आणि वळणं सौम्य आहेत. शिकायला याहून चांगली जागा नाही. लांब वळण दिसलं की त्याच्या थोडं अलीकडे अ‍ॅक्सिलरेटरवरचं बोट काढा. ब्रेकला एक टिचकी द्या. दाबून धरू नका, टिचकीच. त्याच क्षणी गेमपॅडची स्टिक वळणाच्या आतल्या बाजूला न्या आणि लगेच पुन्हा पूर्ण रेस द्या. या चार गोष्टी मिळून अर्ध्या सेकंदात व्हायला हव्यात. बरोबर जमलं तर मागचा भाग सुटतो, टायरचा आवाज बदलतो आणि पडद्यावर गाडीची कूस दिसायला लागते. इथून पुढे हात आखडून बसायचं नाही. स्टिक आत दाबून ठेवली तर गाडी आतल्या कठड्यात घुसते, एकदम सोडली तर ड्रिफ्ट तुटतो. पतंगाला ढील द्यावी तशी स्टिक थोडी सोडायची, थोडी ओढायची. रेस मात्र सोडायची नाही.

बाहेर पडणं हे आत शिरण्यापेक्षा अवघड आहे, आणि नव्या लोकांची गाडी खरी तिथेच आपटते. वळण संपायची वाट पाहू नका. रस्ता सरळ व्हायला लागला आहे असं दिसलं की लगेच स्टिक किंचित उलट बाजूला द्या; गाडी सरळ येते आणि पकड परत मिळते. उशीर केलात तर मागचा भाग दुसऱ्या बाजूला झोका घेतो. गंमत म्हणजे एकापाठोपाठ उलटसुलट वळणं असली की हाच झोका उपयोगी पडतो: पहिल्या ड्रिफ्टमधून बाहेर न येता गाडी तशीच दुसऱ्या बाजूला आडवी टाकायची. डावीकडचा ड्रिफ्ट सोडून उजवीकडचा सुरू होतानाच्या मधल्या क्षणी गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. गेल्या वीस वर्षांत आर्केड रेसिंगमध्ये याच्याइतका गोड क्षण मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालेला नाही, आणि मी रोज तेच शोधण्याचं काम करतो.

कीबोर्डवर खेळत असाल तर थांबा आणि आधी गेमपॅड घ्या. कीबोर्डवर स्टिअरिंग एकतर पूर्ण असतं किंवा शून्य. ढील देणार कशी? महागडं व्हील घ्यायची गरज नाही, साधा अ‍ॅनालॉग पॅड पुरतो. ब्रेकने हात बसला की मॅन्युअल गिअर घ्या. मग ब्रेकऐवजी गिअर खाली टाकूनही गाडी सोडवता येते आणि वेग आणखी कमी खर्च होतो. पण हे दुसऱ्या आठवड्याचं काम, पहिल्या दिवसाचं नव्हे. ट्रॅफिकमध्ये मात्र सुरुवातीपासून एक शिस्त ठेवा: डोळे समोरच्या गाडीच्या दिव्यांवर नकोत, त्याच्याही पुढच्या गाडीवर हवेत. ड्रिफ्टमध्ये असताना अख्खी लेन बदलायला वेळ लागतो आणि जवळची गाडी दिसेपर्यंत निर्णय हातातून गेलेला असतो.

आता पाच मिनिटांचं. आर्केडच्या मशीनला नाण्यागणिक माणूस बदलायला हवा, हे एक कारण आहेच. पण त्या पाच मिनिटांत काय बसवलंय ते बघा. पाच टप्पे आणि चार फाटे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता रुंद होतो आणि दुभंगतो. डावीकडे तुलनेने सोपं, उजवीकडे अवघड. कुठलाही मेन्यू येत नाही, गेम थांबत नाही, लोडिंगचा पडदा नाही. वेग कमी न करता, कधी कधी ड्रिफ्टमध्ये असतानाच, ठरवायचं. पाम बीचनंतर डीप लेक की इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स, तिथून आल्पाइन, स्नो माउंटन किंवा क्लाउडी हायलँड, मग चार, मग शेवटी पाच मुक्काम. एकूण १५ टप्पे, पण पामपासून मुक्कामापर्यंतचे रस्ते १६. सतत डावीकडे गेलात तर ट्युलिप गार्डन, सतत उजवीकडे गेलात तर इंपीरियल अ‍ॅव्हेन्यू, आणि या दोन्ही ठिकाणी पोचायचा प्रत्येकी एकच रस्ता. त्यांच्या आतल्या मेट्रोपोलिस आणि केप वे या दोन मुक्कामांना प्रत्येकी चार, मधल्या एन्शंट रुइन्सला सहा. १, ४, ६, ४, १: छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडणीसाठी येणारा मेरुप्रस्तार, म्हणजे वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली लिहीत जाणारा त्रिकोण, तो हाच; ही त्याची पाचवी ओळ. १९८६ च्या मूळ गेममध्येही हीच रचना होती. एवढ्या थोड्या सामग्रीतून इतकी निवड उभी करणारी मांडणी आजही आम्हाला सहज सुचत नाही.

आणि हे टप्पे नुसते रंग बदलून केलेले नाहीत. प्रत्येकाच्या वळणांचा स्वभाव वेगळा आहे. डीप लेकमध्ये जमलेला हात इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्समध्ये तसाच्या तसा चालत नाही. म्हणून एकदा पोचलात म्हणजे गेम संपला असं समजू नका. आजच्या ‘फोर्झा होरायझन’सारख्या गेमचा मला आदर आहे, तिथे अख्खा प्रदेश मोकळा मिळतो, शेकडो तास जातात. पण तिथे चुकीचा फाटा घेतला तर मागे फिरता येतं. आउटरन २ मध्ये मागे फिरणं नाही, आणि घड्याळात राहिलेले सेकंद पुढच्या टप्प्यासाठी जमा होतात, त्यामुळे पहिल्या टप्प्यात घासलेला कठडा चौथ्या टप्प्यात अंगाशी येतो. पाच मिनिटांची ती घट्ट वीण आहे. ती ताणून वीस मिनिटांची केली तर विसविशीत होईल.

हार्ट अटॅक मोडबद्दल थोडंसं. यात शेजारची मैत्रीण रस्ताभर फर्माइशी करते: इथे ड्रिफ्ट मार, एवढ्या गाड्या ओलांड, कुठे धडकू नकोस. जमेल तशी बदामांची भर पडते आणि प्रत्येक भागाला श्रेणी मिळते, सर्वांत वरची एएए. तिचं पात्र आजच्या नजरेला पातळ वाटेल, आणि ते आहेच. तिला खूश करण्यापलीकडे तिच्या वाट्याला काही लिहिलेलं नाही. पण शिकवण्याचं साधन म्हणून हा मोड उत्तम बांधलेला आहे. प्रत्येक फर्माइश एकच कौशल्य सुटं काढून तुमच्याकडून घोटून घेते. ड्रिफ्ट येत नसेल तर नुसत्या आउटरन मोडमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध मुक्काम गाठायच्या मूळ प्रकारात, डोकं आपटण्यापेक्षा इथे या.

संगीत बंद करून खेळू नका. हिरोशी कावागुची यांनी १९८६ मध्ये केलेलं ‘मॅजिकल साउंड शॉवर’ आणि त्याच्या सोबतची गाणी इथे नव्याने वाजवलेली आहेत, शिवाय नवीही आहेत. पहिल्या काही दिवसांत एकच गाणं ठरवून घ्या. गाण्याच्या कुठल्या जागी कुठला चेकपॉइंट, म्हणजे टप्प्याचा शेवट, आला पाहिजे हे कानात बसतं, आणि घड्याळाकडे न बघता कळायला लागतं की आपण मागे पडलोय.

तांत्रिक बाजू पटकन सांगतो. आर्केडचं मशीन सेगाच्या चिहिरो बोर्डावर चालायचं, जो मुळात मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सच्या रचनेवरच बेतलेला होता. म्हणून २००४ मध्ये शेफिल्डच्या सुमो डिजिटलने तो घरच्या एक्सबॉक्सवर आणला तेव्हा गाडीचं वागणं जवळपास तंतोतंत उतरलं, जरी त्या डब्यात मेमरी फक्त ६४ एमबी होती. शिवाय त्यांनी १०१ मोहिमा घातल्या आणि ‘डेटोना यूएसए २’ व ‘स्कड रेस’मधले रस्तेही बसवले. त्याच वर्षी आर्केडमध्ये ‘आउटरन २ एसपी’ आला: १५ नवे टप्पे आणि पुढच्या गाडीच्या मागे राहून वेग मिळवण्याची, म्हणजे स्लिपस्ट्रीमची सोय. या नव्या टप्प्यांवर मोठं धबधब्याचं ठिकाण आहे, कॅसिनोंचं शहर आहे, दऱ्या आहेत, प्राचीन अवशेष आहेत; बराचसा प्रवास अमेरिका खंडांतला. सुझुकींनी १९८६ मध्ये बाजूला ठेवलेला रस्ता अठरा वर्षांनी असा उगवला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुमच्याकडे असलेल्या ‘कोस्ट टू कोस्ट’मध्ये टप्प्यांचे दोन्ही संच आहेत. मुख्य मेन्यूतून ‘आउटरन २ एसपी’चा भाग निवडा आणि आधी तिथेच राहा. ‘कोस्ट टू कोस्ट’ नावाच्या मोहिमांच्या भागाने सुरुवात केली असेल तर तुमचा कंटाळा मला समजतो. तो भाग लांबवलेला आहे, त्याच त्या कामगिऱ्या थोड्या फरकाने परत येतात, आणि मूळ गेमची लय तिथे सापडत नाही. गेममधले माइल्स जमवून गाड्या उघडायला तो कामाचा आहे, एवढंच. नव्या मॉनिटरवर चित्र ताणलेलं किंवा अस्पष्ट दिसत असेल तर चाहत्यांनी केलेले पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या छोट्या फाइल्स, आहेत. रिझोल्यूशन आणि वाइडस्क्रीनचे प्रश्न त्यांनी सुटतात. ते जरूर लावा.

डीव्हीडी जपून ठेवा, हेही सांगायला हवं. १९८६ च्या गेममध्ये फेरारीची गाडी कसल्याही परवान्याशिवाय होती. २००३ मध्ये रीतसर परवाना आला, बोनेटवर फेरारीचा घोडा आला, आणि त्याबरोबर मुदतही आली. २००९ मध्ये डाउनलोडसाठी निघालेला ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ परवाना संपल्यावर दुकानांतून काढून घेतला गेला, आणि आउटरन २ चं कुठलंच रूप आज अधिकृतपणे नवं विकत मिळत नाही. १९८६ चा जुना मात्र मिळतो, गाडीचा आकार जरासा बदलून: निन्टेन्डो स्विचवर सेगा एजेस मालिकेत आहे, आणि ‘याकुझा झीरो’ या दुसऱ्या गेममधल्या गेमिंग पार्लरमध्ये उभ्या असलेल्या मशीनवरही खेळता येतो.

तो जुनाही खेळाच, पण आउटरन २ मध्ये हात बसल्यावर. तिथे ड्रिफ्ट नाही. रस्ता आडव्या रेषा-रेषांनी काढलेला आहे, झाडं आणि गाड्या ही सपाट चित्रं क्षणोक्षणी मोठी होत जातात, आणि वळणावर गाडी केंद्रापासून बाहेर ओढली जाते. पाय काढून, लोवर येऊन, पुन्हा हायवर जायचं. जपानी खेळाडूंनी त्यातही एक युक्ती शोधली, तिला ते गिअर गाचा म्हणतात: लिव्हर झटक्यात लो-हाय करायचा, म्हणजे गाडी रस्त्याच्या कडेला उतरली तरी वेग पडत नाही. ती करून बघा.

क्रम विचाराल तर असा ठेवा. पाम बीच एवढाच टप्पा, हार्ट अटॅकमध्ये, पाचपैकी चार वळणांवर ड्रिफ्ट न तुटता बसेपर्यंत. मग आउटरन मोडमध्ये सगळे फाटे डावीकडचे घेऊन ट्युलिप गार्डन. ते वेळेत गाठलं की एकाच फाट्याला उजवं वळण घ्यायचं, शक्यतो शेवटच्या. तिथे चुकलात तरी फार काही वाया जात नाही. इंपीरियल अ‍ॅव्हेन्यू सगळ्यात शेवटी. आणि सगळे टप्पे सलग चालवायचा १५ टप्प्यांचा प्रकार आहे, तो मोकळी संध्याकाळ असेल तेव्हाच सुरू करा. मध्ये उठावंसं वाटणार नाही.